माथ्यावरचं ताक, वरकसावरचा हुलगा
(मुळशीच्या ताटातल्या प्रथिनांचा इतिहास)

हिंजवडी मुळशी तालुक्यात येते, हे आता पुण्यातल्या माणसांच्याही लक्षात राहत नाही. काचेच्या इमारती, त्यांच्या तळमजल्यावरच्या व्यायामशाळा आणि त्या व्यायामशाळांच्या दारात प्रथिनांच्या भुकटीचे डबे विकणारी दुकानं, हे सगळं ज्या तालुक्यात आहे त्याच तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणी, तेलबैला आणि आंबवणे आहेत. मधलं अंतर गाडीने दीड-दोन तासांचं. या दोन टोकांमध्ये मी गेली काही वर्षं एकच साधा प्रश्न घेऊन फिरतो आहे : इथली माणसं अंगात ताकद यावी म्हणून काय खात होती, आणि ते खाणं कधी, कशामुळे बदललं?

प्रश्न माझा नाही, माझ्या भाच्याचा आहे. तो हिंजवडीत नोकरीला आहे, सकाळी वजनं उचलतो आणि दिवसाचं खाणं मोबाइलमध्ये ग्रॅमवारी नोंदवतो. एकदा जेवताना त्याने विचारलं, "मामा, पूर्वी हे डबे नव्हते, मग भाताची आवणी करणारी माणसं एवढं राबायची कशी?" मी पटकन म्हणालो, "हुलगा खाऊन." उत्तर द्यायला सोपं होतं. पुढे शोध घेताना कळलं की ते अर्धंच खरं होतं, आणि उरलेलं अर्धं फारसं अभिमानाने सांगण्यासारखं नाही.

आधी जमीन समजून घ्यावी लागते. मुळशी खोऱ्यात पाऊस घाटमाथ्यावर कोसळतो आणि पूर्वेकडे पौडपर्यंत येता येता झपाट्याने कमी होतो. नदीकाठच्या सपाट, बांध घातलेल्या जमिनी म्हणजे खाचरं, त्यांत भात. डोंगरउतारावरची हलकी जमीन म्हणजे वरकस. तिथे नाचणी, वरई, खुरासणी, उडीद, हुलगा. एक-दोन वर्षं पीक घ्यायचं आणि मग काही वर्षं जमीन पडीक ठेवायची. भात निघाला की खाचरात जी ओल उरते तिच्यावर वाल, हरभरा, मसूर, वाटाणा पेरायचा. बांधावर तूर. म्हणजे डाळीसाठी स्वतंत्र शेत असं कुणाकडेच नव्हतं. डाळ ही उरलेल्या जागेची आणि उरलेल्या ओलीची. हे वाक्य मी वाचकांना लक्षात ठेवायला सांगतो, कारण पुढे धरणाच्या वेळी त्याचा संबंध येणार आहे.

खाचरातला भात घरात खायचा नव्हता. मुळशीचा आंबेमोहर पुण्याच्या बाजारात नावाजलेला. आता, 2016 मध्ये, त्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण पिकवणाऱ्याच्या घरात तो सणाला शिजायचा. एरवी तो सावकाराच्या हिशेबात किंवा पुण्याच्या पेठेत जायचा. रोजच्या ताटात नाचणीची भाकरी, वरईचा भात, जाडाभरडा तांदूळ, सोबत हुलग्याचं माडगं किंवा वालाची आमटी. खुरासणीची चटणी. आज शहरातल्या दुकानात नाचणी "सुपरफूड" म्हणून चकचकीत पाकिटात मिळते; मुळशीतल्या सत्तरीच्या बाया मात्र नाचणीचं नाव काढलं की हसतात. त्यांच्या लेखी ते तांदूळ विकावा लागल्याची खूण असलेलं धान्य.

आता माणसांकडे येऊ. इथल्या खाण्याची गोष्ट ज्यांनी पहिल्यांदा नीट पद्धतशीर मांडली ते आहारतज्ज्ञ नव्हते. एक होते पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ, दुसरे मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा. पश्चिम महाराष्ट्रातल्या डोंगरपट्ट्यातल्या गवळी धनगरांवर त्यांनी काम केलं. 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला ते प्रसिद्ध झालं. त्यातलं एक निरीक्षण मला आमच्या विषयाची किल्ली वाटतं. कुणबी खोऱ्यात राहतो, भात करतो, बैल नांगरापुरते ठेवतो आणि शिकार करतो. गवळी धनगर माथ्याच्या सपाटीवर राहतो, म्हशींचे कळप बाळगतो, लोणी-तूप देऊन खालून धान्य घेतो आणि शिकारीच्या वाटेला फारसा जात नाही. एकाच डोंगरावर दोन समाज शेकडो वर्षं शेजारी राहिले, त्याचं एक कारण असं की दोघांची प्रथिनं वेगवेगळ्या ठिकाणाहून येत होती. एकाची दुधातून, दुसऱ्याची डाळीतून आणि रानातून.

या चित्रात तिसरा समाजही धरला पाहिजे : कातकरी. मासे, खेकडे, ससे आणि शेतातले उंदीर हे त्यांचं खाणं. उंदीर म्हटलं की पांढरपेशा वाचक नाक मुरडतो. पण कापणीनंतर बांधातली बिळं उकरून कातकरी उंदीर काढतो तेव्हा बिळात साठलेलं भातही बाहेर येतं आणि पुढच्या हंगामात शेतकऱ्याचं नुकसानही कमी होतं. मांस मिळतं, धान्य मिळतं, शेत वाचतं. याला मागासलेपण म्हणणाऱ्यांनी हा हिशेब कधी मांडला नाही.

धनगराच्या बाबतीत मात्र एक खोच आहे. दूध असलेला माणूस दूध पितोच असं नाही. लोणी निघून तूप बाजारात जायचं. घरात राहायचं ताक. पण प्रथिनांच्या बाजूने पाहिलं तर नुकसान फारसं नव्हतं. दुधातला स्निग्धांश लोण्याबरोबर निघून जातो, प्रथिनं बहुतांशी ताकातच राहतात. पैसा तुपात आणि ताकद ताकात, अशी ही वाटणी नकळत झालेली. नाचणीची भाकरी ताकात कुस्करून खाण्याची पद्धत इकडे होती, आंबीलही होती. घाटाखाली उतरून गेलेल्या धनगर कुटुंबांकडे मी चौकशी केली तेव्हा म्हाताऱ्यांना तूप आठवत नव्हतं. ताकाची मडकी आठवत होती.

आणखी एक वाट घाटाखालून वर यायची. तेलबैल्याजवळच्या सवाष्णी आणि वाघजाई घाटांच्या पायवाटा कोकणात पालीकडे उतरतात. ताम्हिणीकडून माणगाव, रोहा गाठता येतं. कोकणातून मीठ आणि सुकी मासळी वर यायची. जवळा, बोंबील, वाकट. वैशाखात घराघरात बेगमी केली जायची, कारण एकदा पाऊस लागला की चार महिने घाट बंद. सुक्या जवळ्यात शंभर ग्रॅममागे साठ ग्रॅमच्या आसपास प्रथिनं असतात. चिमूटभर जवळा वांग्यात किंवा नुसत्या कांद्यात टाकला की भाकरीला चव यायची. इथे आपण चवीचं बोलतो, पण ती चव म्हणजे पावसाळ्यातली प्रथिनांची सोय होती.

आणि पावसाळ्यातच खरी अडचण असायची. हेच ते उरलेलं अर्धं उत्तर. आषाढ-श्रावणात कणगी तळाला लागलेली असते, नवं पीक दिवाळीच्या तोंडावर. त्याच महिन्यांत आवणी : पाठ वाकवून, इरलं डोक्यावर घेऊन दिवसभर गुडघाभर चिखलात. वर्षातलं सगळ्यात जड काम आणि सगळ्यात कमी अन्न, हे दोन्ही एकाच वेळी. त्या दिवसांत पोट भरायला रानातल्या भाज्या, कंद, आणि पहिल्या पावसात ओढ्यातून वर चढणारे मासे, बिळातून बाहेर पडणारे खेकडे. आज ताम्हिणीच्या रस्त्यावर पर्यटक खेकड्याच्या रश्शासाठी रांग लावतात. पूर्वी तो खेकडा हौस म्हणून पकडला जात नव्हता.

हुलगा खाऊन माणसं राबायची, हे मी भाच्याला सांगितलं होतं. राबायची खरी, पण श्रावणात हुलगाही नसायचा. आणि असला तरी घरातली बाई शेवटी जेवायला बसायची तेव्हा माडग्याचं पाणी उरलेलं असायचं. मी ज्या ज्या म्हाताऱ्या बायांशी बोललो त्यांतल्या बहुतेकींनी हे मला न विचारता सांगितलं. तक्रारीच्या सुरात नव्हे, जसं हवामान सांगावं तसं. माडग्यातला घट्ट भाग वरच्या पंक्तीला जातो. कुटुंबाचा आहार म्हणून कागदावर जे आकडे दिसतात ते ताटागणिक वेगळे असतात, हे संशोधकांनाही फार उशिरा सुचलं.

आता धरण. टाटांची पहिली वीज खोपोलीला 1915 मध्ये तयार झाली, दुसरी भिवपुरीला 1922 मध्ये. तिसऱ्या योजनेसाठी नीला आणि मुळा या नद्यांच्या संगमाजवळ धरण घालून पाणी कोकणात भिऱ्याला सोडायचं ठरलं. 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीला, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट त्याचे नेते झाले. 1924 पर्यंत लढा चालला आणि हरला. 1927 मध्ये भिऱ्याहून वीज मुंबईला गेली. या सत्याग्रहावर विनायकराव भुस्कुट्यांनी लिहिलं आहे, राजेंद्र व्होरांचा अभ्यासपूर्ण ग्रंथ आहे. सावकारांचा मोबदल्यावर डोळा कसा होता, पुण्यातल्या पुढाऱ्यांत फूट कशी पडली, हे सगळं त्यात सापडतं. मला तिथे भर घालायची आहे ती एवढीच की बुडालेल्या जमिनीचा हिशेब आजवर भाताच्या खंडींत झाला. वालाच्या पायलीत कुणी केला नाही.

वर म्हटलं होतं, डाळ ही उरलेल्या ओलीची. खाचर बुडालं तेव्हा त्यातला आंबेमोहर गेला, म्हणजे रोख पैसा गेला. पण त्याबरोबर भातामागचा वाल, हरभरा, मसूरही गेली. ज्यांनी वरच्या उतारावर घरं हलवली त्यांच्याकडे उरलं वरकस. नाचणी, वरई उगवत राहिली. हुलगा आणि उडीद थोडा. नदीचं वाहतं पाणी जाऊन तिथे खोल तलाव आला. उथळ पात्रात हाताने, कापडाने, पाटीने मासे धरणाऱ्या बायकापोरांना त्या तलावात काही करता येण्यासारखं नव्हतं. तिथे होडी आणि जाळं लागतं. हा माझा तर्क आहे, याला तेव्हाची मोजणी नाही. पण जमिनीची रचना ज्याने पाहिली आहे त्याला तो दूरचा वाटणार नाही. योगायोग असा की त्याच टाटा कंपनीने 1970 च्या दशकापासून लोणावळ्याजवळ वळवणला महसीर माशाची बीजपैदास केली, आणि नामशेष होत चाललेला हा मासा वाचवण्याच्या कामात तिचं नाव जगभर घेतलं जातं. चांगलंच काम आहे. फक्त त्या माशाला एकेकाळी कोण खात होतं, हे सांगणारा फलक तिथे लावण्याची कुणाला गरज वाटली नाही.

मुळशीत हे घडत होतं त्याच सुमारास निलगिरीत कुन्नूरला रॉबर्ट मॅकॅरिसन नावाचा ब्रिटिश डॉक्टर उंदरांना वेगवेगळ्या प्रांतांतल्या लोकांचा आहार खाऊ घालत होता. शिखांचा, पठाणांचा, मराठ्यांचा, गुरख्यांचा, बंगाल्यांचा, मद्राशांचा. शिखांच्या आहारावरचे उंदीर सगळ्यात भरदार झाले, त्याखाली पठाण, त्याखाली मराठे; मद्रासचा तांदूळ-आहार तळाला. हा प्रयोग आपल्याकडे पुष्कळदा अभिमानाने सांगितला जातो, पहिल्या तिनात आपण म्हणून. पण "मराठा आहार" म्हणजे कोणाचा? माथ्यावरच्या धनगराचा, खाचरातल्या कुणब्याचा की कातकऱ्याचा? पिंजऱ्यावर एक पाटी लावली की हे तिन्ही ताट एक होतात. तरी मॅकॅरिसनचा मुख्य निष्कर्ष टिकला : दूध, डाळ, भाजी आणि कमी सडलेलं धान्य यांनी फरक पडतो.

त्यांच्यानंतर कुन्नूरला आलेल्या वॉलेस ऐक्रॉइड यांनी 1937 मध्ये भारतीय अन्नपदार्थांच्या पोषणमूल्यांचं पहिलं मोठं कोष्टक छापलं. हुलगा, वाल, नाचणी, सुका बोंबील यांच्यासमोर पहिल्यांदा आकडे बसले. हुलग्यात शंभर ग्रॅमला बावीसच्या आसपास प्रथिनं, मटणाच्या बरोबरीची. इंग्रजीत या कडधान्याचं नाव घोड्यावरून पडलं आहे आणि आपल्याकडेही त्याला गरिबाचं खाणं म्हणूनच मान. मटणाशी बरोबरी आकड्यापुरतीच, हेही सांगायला हवं. हुलग्यात प्रथिनं पचू न देणारे काही घटक असतात. भिजवणं, मोड आणणं, भाजणं यांनी ते कमी होतात. माडग्यासाठी हुलगा आधी भाजून दळतात आणि वालाला मोड आणून सोलतात, ते नुसतं चवीसाठी नसावं. शिवाय धान्यातल्या प्रथिनात लायसिन कमी आणि कडधान्यात मेथिओनिन कमी. दोन्ही एकत्र खाल्ली की एकमेकांची उणीव भरून निघते. नाचणीत मेथिओनिन बऱ्यापैकी असतं. म्हणून नाचणीची भाकरी आणि माडगं ही जोडी रसायनशास्त्राच्या दृष्टीनेही चांगली ठरते. ती जुळवणाऱ्या बाईला यातलं काहीच ठाऊक नव्हतं आणि तिच्यापुढे दुसरा पर्यायही नव्हता. परंपरेच्या शहाणपणावर बोलताना हे दुसरं वाक्य गाळलं जातं.

दुसऱ्या महायुद्धानंतर जगाला प्रथिनांनी पछाडलं. गरीब देशांतली मुलं खुरटतात ती प्रथिनं कमी म्हणून, असं मत पक्कं झालं. संयुक्त राष्ट्रांनी 1968 मध्ये येऊ घातलेल्या प्रथिन-संकटाचा इशारा देणारा अहवाल काढला. शेंगदाण्याचं पीठ, माशाची भुकटी, तेलकंपन्यांच्या मदतीने वाढवलेलं किण्व, असे नाना उपाय पुढे आले. या सगळ्याला ज्यांनी अंकगणिताने टाचणी लावली त्यांतलं एक महत्त्वाचं नाव आपल्याकडचं आहे, आणि मराठी वाचकाला ते फारसं ठाऊक नाही याची मला खंत वाटते.

पांडुरंग वासुदेव सुखात्मे. जन्म 1911, सातारा जिल्ह्यातलं बुध गाव. पुण्यात फर्ग्युसन कॉलेजात शिकले, लंडनला संख्याशास्त्रात डॉक्टरेट केली. 1951 पासून जवळजवळ वीस वर्षं रोमला संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेच्या संख्याशास्त्र विभागाचे प्रमुख. निवृत्तीनंतर पुण्यात परतले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत, म्हणजे आजच्या आघारकर संशोधन संस्थेत, काम करत राहिले. 1971 मध्ये पद्मभूषण. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : भारतीय माणूस जे धान्य आणि डाळ खातो ते पोटभर मिळालं तर त्यातून त्याची प्रथिनांची गरज बहुधा भागते. अडचण ही की पोटभर मिळत नाही. आणि पोटभर मिळालं नाही की शरीर खाल्लेलं प्रथिन सरपणासारखं जाळून ऊर्जा काढतं. म्हणजे भुकेल्या माणसाला प्रथिनांची भुकटी देणं हे चुलीत सागवान घालण्यासारखं. प्रथिनांची तूट दिसते ती मुळात अन्नाची तूट.

सागवानाची उपमा माझी आहे, सुखात्म्यांनी ती वापरलेली नाही. पण आषाढातल्या आवणीच्या बाईला ही उपमा कळली असती. तिच्या माडग्यातलं प्रथिन तिच्या स्नायूला मिळतच नव्हतं. ते दुपारच्या चिखलातल्या कामात जळून जात होतं. तिला हुलग्याच्या जोडीला आणखी दोन भाकरी हव्या होत्या.

1971 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न संघटना यांच्या तज्ज्ञ समितीने प्रथिनांच्या गरजेचा अंदाज खाली आणला आणि जगाची प्रथिन-तूट कागदावर बरीचशी विरून गेली. 1974 मध्ये डोनाल्ड मॅक्लारेन यांनी लॅन्सेटमध्ये या सगळ्या प्रकरणाला फजितीच म्हटलं. सुखात्मे बरोबर ठरले. पण पुढे त्यांनी आणखी एक पाऊल टाकलं : माणसाचं शरीर कमी खाण्याशी काही मर्यादेत जुळवून घेतं, म्हणून सरासरी गरजेपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण कुपोषित नसतो. इथे त्यांना विरोध झाला, आणि तोही पुण्यातूनच. गोखले अर्थशास्त्र संस्थेचे वि. म. दांडेकर, ज्यांनी नीलकंठ रथांसोबत 1971 मध्ये 2250 कॅलरींवर दारिद्र्यरेषा आखली होती, त्यांनी सुखात्म्यांशी जाहीर वाद घातला. दोन्ही संस्थांमधलं अंतर पायी दहा-पंधरा मिनिटांचं. जगातली भूक मोजायची कशी, यावरचा एक महत्त्वाचा वाद पुण्याच्या त्या एवढ्याशा टापूत लढला गेला, आणि तिथून तीसेक किलोमीटरवर पौडच्या पलीकडे त्या वादाचा विषय असलेली माणसं भात लावत होती. माझं मत विचाराल तर प्रथिनांच्या बाबतीत सुखात्मे, भुकेच्या बाबतीत दांडेकर. जुळवून घेणं म्हणजे निरोगी असणं नव्हे. ज्या बाया मला भेटल्या त्या जुळवून घेऊनच सत्तरीला पोचल्या होत्या. त्यांची उंची आणि त्यांच्या नातींची उंची शेजारी उभी केली की वाद मिटतो.

मुळशीत एक ठिकाण मात्र असं होतं की जिथे प्रथिनांची कमतरता कधी मान्यच केली जात नव्हती. ते म्हणजे तालीम. हा तालुका पैलवानांचा. महाराष्ट्र केसरीची गदा ज्यांच्या स्मरणार्थ दिली जाते ते मामासाहेब मोहोळ मुळशीचेच. पैलवानाचा खुराक म्हणजे दूध, तूप, बदामाची थंडाई, पुढे अंडी आणि मटण. दोन लिटर दुधात साठ-पासष्ट ग्रॅम प्रथिनं येतात. आजचा आहारतज्ज्ञ जोरकस व्यायाम करणाऱ्याला वजनाच्या किलोमागे सव्वा ते दीड ग्रॅमच्या पुढे प्रथिनं सांगतो. तालमीतला वस्ताद तेच लोट्याच्या मापाने सांगत होता. पण एका पैलवानाचा खुराक म्हणजे घरातल्या गोठ्यातलं बहुतेक सगळं दूध. भाऊ तालमीत गेला त्या वर्षी घरात ताकही पातळ झालं, असं एका आजींनी सांगितलं. भावाची कुस्ती आठवताना त्यांच्या चेहऱ्यावर अभिमान होता. ताकाचं त्या ओघात बोलून गेल्या.

पुढचे बदल भराभर झाले. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद झाली. जे योग्यच होतं, पण कुणब्याच्या आणि कातकऱ्याच्या ताटातला एक पदार्थ त्याने कायमचा गेला. त्याच सुमारास, 1971 मध्ये, बी. व्ही. राव यांनी व्यंकटेश्वरा हॅचरीज सुरू केली. पुणे देशाच्या कोंबडी-उद्योगाचं केंद्र झालं आणि अंडं ही सणावारी मिळणारी वस्तू राहिली नाही. 1987 मध्ये वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्रातून इंद्रायणी आला, आंबेमोहर आणि आय. आर. 8 यांच्या संकरातून. उत्पन्न वाढलं आणि वासाचा तांदूळ पिकवणाऱ्याच्या घरातही रोज शिजू लागला. रेशनचा गहू-तांदूळ आला. नाचणी मागे पडली. मग जमिनी विकल्या गेल्या. त्यावर एव्हाना सिनेमेही निघालेत, मी वेगळं काय सांगणार? वरकसावर फार्महाऊस उभं राहिलं, तेव्हा तिथला हुलगा संपला. आज पौडच्या बाजारात हुलगा मिळतो, पण तो बहुधा कोरडवाहू मुलखातून येतो.

श्रावणातली भूक गेली, हे मोठंच काम झालं. त्याबद्दल हळहळणाऱ्यांना मी हात जोडतो. पण एक गोष्ट हिशेबातून निसटली आहे आणि ती मला शेवटी आकड्यांतच मांडायची आहे.

भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 2020 मध्ये सांगितलेली प्रौढ माणसाची गरज किलोमागे 0.83 ग्रॅम. साठ किलोच्या माणसाला पन्नास ग्रॅम. आता जुनं ताट, चांगल्या महिन्यातलं, घेऊ. दोनशे ग्रॅम नाचणी, अडीचशे ग्रॅम तांदूळ : तेहतीस ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. चाळीस ग्रॅम हुलगा : नऊ. मोठा पेलाभर घट्ट ताक : चार-पाच. चिमूटभर जवळा : तीन-चार. झाले पन्नास. यात लक्षात घ्यायचं ते हे की दोन-तृतीयांश वाटा धान्याचा होता. माणूस अर्धा किलो धान्य खात होता कारण दिवसभर राबत होता. प्रथिन त्या धान्याबरोबर आपोआप येत होतं.

आता तोच माणूस, म्हणजे त्याचा नातू, खुर्चीत बसतो. अर्धा किलो धान्य खाल्लं तर मधुमेह ठरलेला. तो दोन-सव्वादोनशे ग्रॅमवर आला. धान्यातलं प्रथिन निम्म्यावर, सोळा-सतरा ग्रॅम. काम कमी झालं म्हणून ऊर्जेची गरज घटली. प्रथिनांची गरज मात्र शरीराच्या वजनाशी बांधलेली, ती तेवढीच राहिली. म्हणजे आज डाळ, दूध, अंडं, मासे यांचा वाटा पूर्वीच्या जवळजवळ दुप्पट हवा. प्रत्यक्षात आमटी पातळच राहिली. आजीच्या काळात ती पातळ होती कारण वाल नव्हता. आता पातळ आहे कारण सवय आहे. सुखात्म्यांचं गणित पोटभर धान्य खाऊन राबणाऱ्या माणसासाठी बरोबर होतं. बसणाऱ्या माणसाला ते जसंच्या तसं लावता येत नाही, आणि हिंजवडीतल्या डबेवाल्यांना तेवढीच फट पुरली आहे.

त्या डब्यांबद्दलही सांगतो. त्यात असतं ते चीज करताना उरणाऱ्या पाण्यातलं प्रथिन. चक्का टांगल्यावर पंचातून जे हिरवट पाणी गळतं, त्याचं भावंडं. युरोप-अमेरिकेत चीजचे कारखाने पूर्वी ते ओतून देत, डुकरांना पाजत. वाळवायची आणि गाळायची युक्ती साधल्यावर त्याचं सोनं झालं. वस्तू वाईट नाही, उत्तम प्रतीचं प्रथिन आहे. पण एका मापात जे चोवीस-पंचवीस ग्रॅम मिळतं तेवढं दोन वाट्या घट्ट उसळ, एक उकडलेलं अंडं आणि पेलाभर दूध यांतूनही मिळतं, आणि सोबत लोह, चोथा, जीवनसत्त्वं येतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने 1993 पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा गावांत गरोदर बायांचा जो अभ्यास केला, त्यात बाळाच्या जन्मवजनाशी संबंध दिसला तो हिरव्या पालेभाज्या, फळं आणि दुधाचे पदार्थ खाण्याचा. नुसत्या कॅलरींचा किंवा प्रथिनांचा तसा दिसला नाही. त्याच गटाच्या पुढच्या कामातून शाकाहारी बायांमधली बी-12 ची कमतरता पुढे आली. ते जीवनसत्त्व डाळीत नसतं. दूध-ताकात असतं, अंड्यात, माशात असतं. माथ्यावरचं ताक आणि घाटाखालचा जवळा ताटात नुसते प्रथिनांसाठी नव्हते, हे असं शंभर वर्षांनी कळतं.

हे सगळं मी भाच्याला एका रविवारी सांगितलं. त्याने शांतपणे ऐकलं, मग स्वयंपाकघरातला त्याचा छोटा वजनकाटा काढला आणि आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, केलेल्या आमटीतली डाळ गाळून घेऊन तोलली. माणशी कोरडी डाळ किती पडली याचा हिशेब केला. बारा ग्रॅम. बहीण पदराला हात पुसत बघत होती. ती म्हणाली, "माझ्या ताटातली पण तोल." तिच्या वाटीत, सगळ्यांना वाढून झाल्यावर, सात ग्रॅम निघाली.